टीसाइडचं गॅस केंद्र वीस वर्षांत मोडीत का निघालं, आणि तुमच्या बंद कोजनचं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडच्या ईशान्येला टीसाइड इथं १९९३ मध्ये सुरू झालेलं गॅसवरचं सहवीजनिर्मिती केंद्र (एकाच इंधनातून वीज आणि वाफ दोन्ही देणारं) त्या काळी आपल्या प्रकारात युरोपातलं सर्वांत मोठं होतं. ते वीस वर्षांत कायमचं बंद करून पाडलं, ते का? यंत्रं इतक्या लवकर झिजतात का? ती भारतात आणून चालवता आली नसती का? त्याला जोडून घरचा प्रश्न आहे: विचारणाऱ्यांच्या रसायन कारखान्यातला छोट्या गॅस टर्बाइनवरचा कोजन, म्हणजे सहवीजनिर्मितीचाच संच, बंद पडून आहे आणि सगळाच्या सगळा उचलायला एक भंगारवाला तयार आहे, तर देऊन टाकावा का?

गॅस टर्बाइनची केंद्रं चालवण्यात आणि पुढे ती रीतसर बंद करण्यात माझी नोकरी गेली. निव्वळ यंत्र झिजलं म्हणून असं केंद्र बंद झालेलं मी पाहिलेलं नाही. टर्बाइनचा गरम भाग मुळात बदलण्यासाठीच बनवलेला असतो. ज्वलनकक्ष साधारण ८,००० तासांनी उघडून बघतात, पुढच्या रांगांमधली पाती २४-२५ हजार तासांच्या टप्प्याने बदलतात, आणि रोटरची (फिरणाऱ्या दांड्याची) खरी झडती लाखभर तास झाल्यावर येते. पैसे ओतत राहिलात तर यंत्र तीस-पस्तीस वर्षं सहज चालतं. पैसे ओतावेत की नाही हे मात्र तीन कागदांवर ठरतं: गॅस कोणत्या भावाने आणि किती वर्षं मिळणार, वीज कोण घेणार, आणि वाफ कोण घेणार. टीसाइडचे तिन्ही कागद एकामागून एक गेले.

आधी ते केंद्र काय होतं ते बघू. आठ गॅस टर्बाइन, प्रत्येकीच्या धुराड्याआधी उष्णता परत मिळवणारा एकेक बॉयलर, आणि त्या आठ बॉयलरांच्या वाफेवर चालणाऱ्या दोन स्टीम टर्बाइन. एकूण क्षमता १,८७५ मेगावॉट. शेजारीच विल्टनचा, आयसीआय या रसायन कंपनीचा अवाढव्य परिसर होता आणि वाफ तिकडे जायची. उभारणाऱ्या कंपनीत अमेरिकेच्या एन्रॉनचा मोठा वाटा होता, आणि भागीदार होत्या इंग्लंड-वेल्समधल्या चार प्रादेशिक वीज वितरण कंपन्या: मिडलँड्स, नॉर्दर्न, साउथ वेस्टर्न आणि साउथ वेल्स. १९९० च्या अखेरीस काम सुरू झालं आणि १ एप्रिल १९९३ ला वीज विकायला सुरुवात झाली. एवढ्या आकाराच्या कामाला अडीच वर्षांच्या आत आटोपणं आजही अवघड आहे, तेव्हा एन्रॉनला श्रेय द्यायला हरकत नाही. बांधकाम त्यांना येत होतं.

वेळही त्यांनी अचूक साधली. वीज केंद्रांत नैसर्गिक वायू जाळण्यावर युरोपीय समुदायाने १९७५ मध्ये घातलेला निर्बंध १९९१ मध्ये उठला. ब्रिटनची वीज नुकतीच खाजगी झाली होती. नव्या वितरण कंपन्यांना जुन्या दोन मोठ्या वीजउत्पादकांच्या पंजातून सुटायचं होतं. म्हणून त्यांनी स्वतःच केंद्रात भांडवल घातलं आणि स्वतःच पंधरा वर्षांचा वीजखरेदी करार केला. मालक तेच आणि गिऱ्हाईकही तेच. करारातला भाव महाग पडला तरी घरगुती ग्राहक बांधलेला होता, तो कुठे जाणार? १९९८-९९ मध्ये ब्रिटनमधल्या घरगुती ग्राहकालाही पुरवठादार बदलायची मुभा मिळाली आणि तो बांधलेला ग्राहक सुटला. करार चालू राहिला, पण तो पुन्हा कोणी तसाच्या तसा करणार नाही हे तेव्हाच नक्की झालं होतं. पहिला कागद, म्हणजे वीजखरेदीचा, २००८ च्या सुमाराला संपायचाच होता.

दुसरा कागद गॅसचा. हे केंद्र आणि उत्तर समुद्रातून टीसाइडला येणारी सुमारे ४०० किलोमीटरची कॅट्स ही वायुवाहिनी, दोन्ही १९९३ चीच. केंद्रासारखं खात्रीचं गिऱ्हाईक होतं म्हणून वाहिनीलाही आधार मिळाला. एन्रॉनला एवढ्याने समाधान नव्हतं. टीसाइडचा दुसरा टप्पा होणार या भरवशावर त्यांनी १९९३ मध्ये जे-ब्लॉक नावाच्या क्षेत्रातला गॅस ‘घ्या नाहीतर पैसे भरा’ अशा अटीवर बांधून घेतला. दुसरा टप्पा झाला नाही, ब्रिटनमध्ये गॅस स्वस्त झाला, आणि बाजारभावापेक्षा कितीतरी महाग गॅस गळ्यात पडला. १९९७ मध्ये तडजोड झाली तेव्हा एन्रॉनला ताळेबंदात ६७.५ कोटी डॉलरचा खड्डा दाखवावा लागला. केंद्र त्याने बंद पडलं नाही, पण गॅसचा करार उलटला की काय होतं याचा हा नमुना आहे. तुमच्या कारखान्याच्या गॅस करारातही किमान उचल हमीचं कलम असणारच, त्याबद्दल खाली लिहितो.

इथं एन्रॉनच्याच दाभोळ केंद्राची आठवण निघणारच, तेव्हा ते उरकून घेतो. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी एन्रॉनचं बोलणं १९९२ मध्ये सुरू झालं आणि करारावर सही डिसेंबर १९९३ मध्ये झाली, म्हणजे टीसाइड सुरू झाल्यावर काही महिन्यांतच. कंपनीकडे दाखवायला एक चालू, प्रचंड, वेळेत झालेलं केंद्र होतं. दाभोळ मात्र सहनिर्मिती नव्हती. ते केंद्र होतं त्या अंजनवेलला वाफ घेणारा कोणीच नव्हता, सगळी मदार एका वीज मंडळावर, आणि ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला तोही नाफ्थ्यावर. मे २००१ मध्ये तो थांबला. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. टीसाइडने मालक गेल्यावरही पुढची दहा वर्षं काढली, दाभोळचं २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर झालं. ब्रिटनमध्ये नफा नाही म्हटल्यावर केंद्र पाडून मोकळे होतात. आपल्याकडे त्यात सरकारी बँकांचं कर्ज आणि सरकारी कंपन्यांचं भांडवल अडकलेलं असतं, त्यामुळे ते पाडण्याचा विषयही कोणी काढत नाही. कोणतं बरं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

तिसरा कागद वाफेचा, आणि खरी गोम तिथंच आहे. सहनिर्मितीचं गणित एका टनावर करून दाखवतो, आकडे ढोबळ आहेत. स्टीम टर्बाइनमधून मध्यम दाबाची एक टन वाफ मध्येच काढून गिऱ्हाइकाला दिली की ती पुढे फिरून जी वीज करणार होती ती बुडते. ही बूड साधारण दीडशे युनिटांची. गिऱ्हाइकाला मात्र सुमारे सातशे युनिटांइतकी उष्णता मिळते. तीच उष्णता त्याने स्वतःच्या बॉयलरमध्ये गॅस जाळून केली असती तर आठशे युनिटांचा गॅस लागला असता. बुडालेली दीडशे युनिटं वीज दुसरीकडे पन्नास टक्के कार्यक्षमतेने करायला तीनशे युनिटांचा गॅस पुरतो. म्हणजे टनामागे पाचशे युनिटांच्या गॅसची बचत. एवढी बचत दुसऱ्या कोणत्याही युक्तीने होत नाही. पण ती फक्त गिऱ्हाईक वाफ घेतं तोवरच. वाफ घेणारा गेला की उरतं ते एक साधं, जुन्या पिढीचं गॅस केंद्र.

आपल्या साखर कारखान्यांचा कोजन इतका टिकतो त्याचं कारण हेच. तिथं उसाचा रस आटवायला वाफ लागते, बगॅस घरचा, बॉयलर घरचा, आणि वाफ वापरणाराही तोच. हंगाम संपला की दोन्ही एकत्र थांबतात, कारखाना बुडाला तर दोन्ही एकत्र बुडतात. टीसाइडला वाफ करणारा एक आणि वापरणारा दुसरा. त्यातून प्रमाणही व्यस्त होतं: पावणेदोन हजारांवर मेगावॉटच्या केंद्राला वाफेचा धंदा म्हणजे जोडधंदाच होता. माझ्या मते ते सहनिर्मिती केंद्र कमी आणि वाफ विकणारं वीज केंद्र जास्त होतं. आकार वीज विकण्याच्या हिशोबाने ठरवला होता, वाफेच्या गरजेने नव्हे. वाफेच्या गरजेवर बेतलं असतं तर केंद्र कितीतरी लहान झालं असतं, आणि कदाचित आजही चालू असतं.

दरम्यान विल्टनचं आयसीआय एकसंध राहिलं नाही. नव्वदच्या दशकात कंपनीने एकेक विभाग विकले. परिसरातली वाफ, वीज, पाणी पुरवणारी व्यवस्थाच १९९८ च्या अखेरीस एन्रॉनने घेतली, आणि २००३ मध्ये ती सिंगापूरच्या सेम्बकॉर्पकडे गेली. पुढे नायलॉनचा कारखाना बंद झाला. जानेवारी २०१० मध्ये डाऊने इथिलीन ऑक्साइडचं उत्पादन थांबवलं आणि त्यावर अवलंबून असलेला शेजारचा कारखानाही गेला. राहिलेल्या गिऱ्हाइकांना पुरेल एवढी वाफ परिसरातले जुने बॉयलर आणि २००७ मध्ये सुरू झालेला लाकडावरचा संच देऊ शकत होते. शेजारच्या केंद्राची गरज कोणाला उरली नाही.

मग उरला बाजार. २०११ पासून हे केंद्र जवळपास सगळं झोपवलेलं (बंद करून यंत्रं जपून ठेवलेलं) होतं आणि २०१३ मध्ये तेव्हाचे मालक जीडीएफ सुएझ यांनी कायमचं बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या सुमाराचा हिशोब असा होता. ब्रिटनमध्ये गॅस साठ पेन्स थर्मच्या आसपास. एक थर्म म्हणजे २९.३ युनिटं. पन्नास टक्के कार्यक्षमता धरली तर एका मेगावॉट-तासाला ४१ पौंडांचा नुसता गॅस. त्यावर कार्बन सोडण्याच्या परवान्याचे दोन-अडीच पौंड. वीज विकली जायची ४५ पौंडांच्या आगेमागे. देखभाल, माणसं, ग्रिडचं भाडं धरलं की उरलं शून्य किंवा उणे. त्याच वेळी अमेरिकेत शेल गॅसमुळे कोळशाची मागणी पडली होती, तो कोळसा स्वस्तात युरोपात येत होता, आणि कोळशाच्या केंद्राला कार्बनसकट खर्च तीस पौंडांच्या आत यायचा. कार्बनचा भाव इतका खाली होता की घाणेरडं इंधन आरामात जिंकत होतं. पुढे ब्रिटनने कार्बनवर स्वतःचा किमान भाव लावला, तो वाढवला, आणि कोळशाचं शेवटचं केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं. गॅस केंद्रांना पुन्हा दिवस आले, पण टीसाइडला तोवर कोणी थांबलं नाही.

थांबायला काय हरकत होती? झोपवलेलं केंद्र फुकट झोपत नाही. ग्रिडवर वीज सोडण्याचा हक्क राखायचा तर ब्रिटनमध्ये त्याचं भाडं दरवर्षी भरावं लागतं, चाललात की नाही हे कोणी विचारत नाही. आणि इंग्लंडच्या उत्तरेला, मागणीपासून लांब, हे भाडं दक्षिणेपेक्षा जास्त असतं. हक्क सोडला तर पैसे वाचतात, पण परत यायचं म्हटलं की रांगेत शेवटी. शिवाय आठ बॉयलर कोरडे ठेवायचे, टर्बाइनच्या आत हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांखाली ठेवणारी यंत्रणा अखंड चालवायची, रोटर वाकू नये म्हणून अधूनमधून फिरवायचे, ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासत राहायचं. क्षमता नुसती हाताशी ठेवल्याबद्दल पैसे देणाऱ्या ब्रिटिश योजनेचा पहिला लिलाव डिसेंबर २०१४ मध्ये झाला आणि भाव निघाला किलोवॉटला वर्षाकाठी १९.४० पौंड. टीसाइडच्या आकाराला ते वर्षाला तीन कोटी पौंडांच्या वर गेले असते. पण ते पैसे मिळणार होते २०१८ पासून. इंग्लंडमधल्याच कीडबीच्या गॅस केंद्राने त्याच काळात झोप काढली आणि ते परत उठलं. तिथं यंत्रं पुढच्या पिढीची होती आणि फक्त दोन होती. टीसाइडच्या आठ जुन्या टर्बाइनींवर तो जुगार मालकाने खेळला नाही. त्या खुर्चीत मी असतो तरी खेळलो नसतो.

आता भारतात आणण्याचं. तांत्रिक अडचण वाटते तेवढी नाही. ब्रिटनही ५० हर्ट्झचं आणि आपणही, त्यामुळे ३,००० फेऱ्यांचं यंत्र तसंच्या तसं चालतं. जुन्या टर्बाइनी जगभर विकल्या जातात, बहुधा ज्यांच्याकडे त्याच मॉडेलचं चालू यंत्र आहे ते सुट्या भागांसाठी घेतात. पूर्ण केंद्र उचलून दुसरीकडे बसवणं क्वचितच परवडतं, कारण पाया, बॉयलरचं आवरण, केबल, नळ, नियंत्रण यंत्रणा यांतलं काहीच नीट निघत नाही, आणि खर्चाचा मोठा भाग त्यातच असतो. खरी अडचण इंधनाची. भारतात गॅसवरची सुमारे २० हजार मेगावॉट क्षमता आधीच उभी आहे आणि तिचा वापर पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. आपल्या उरणच्या केंद्रालाही गॅस पुरत नाही म्हणून सगळे संच एकदम चालत नाहीत. ज्या देशात नवी टर्बाइन गॅसअभावी उभी आहे तिथं पन्नास टक्के कार्यक्षमतेची जुनी आणून काय करणार? आजची चांगली संयुक्त चक्राची यंत्रं (गॅस आणि स्टीम टर्बाइन मिळून चालणारी) साठ टक्क्यांच्या वर जातात. तेवढ्याच विजेला जुन्या यंत्राला पाचव्या हिश्शाहून जास्त गॅस वाढीव लागतो.

इथून पुढचं तुमच्या कोजनबद्दल, आणि जिथं माणसं मरतात त्याबद्दल.

बंद केंद्र निरुपद्रवी वाटतं, ते तसं नसतं. चालू केंद्रात प्रत्येक नळात काय आहे हे ऑपरेटरला ठाऊक असतं. ते ऑपरेटर गेले, लॉगबुकं गोदामात पडली, आणि दोन वर्षांनी गॅस कटर घेऊन आलेल्या पोराला कोणता नळ कशाचा हे सांगणारं कोणी उरत नाही. म्हणून पहिलं काम गॅसचं. पुरवठादाराच्या मीटर स्टेशनचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाइन तुटली असं समजू नका. व्हॉल्व्ह गळतात. नळाचा एक तुकडा प्रत्यक्ष काढून दोन्ही तोंडांना ब्लाइंड फ्लँज (भोक नसलेली लोखंडी झाकणं) बसले पाहिजेत, आणि ते पुरवठादाराच्या माणसासमोर. आतला गॅस नायट्रोजनने ढकलून बाहेर काढायचा, हवेने कधीच नाही. नैसर्गिक वायू हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो, आणि थेट हवा मारलीत तर नळाच्या आत कुठेतरी तुम्ही नेमकं तेच मिश्रण तयार करता. नायट्रोजन झाल्यावर मग हवा, आणि प्रत्येक टोकाला मीटर लावून खात्री. फिल्टर, गॅस तापवणारे हीटर, बंद टोकाचे नळ, खालच्या ड्रेनची भांडी, इथं गॅस आणि द्रव साठून राहतात. फिल्टरमधली काळी भुकटी नुसत्या हवेने पेट घेऊ शकते, ती ओली करूनच काढा.

गॅस उघड्यावर सोडून लाइन रिकामी करण्याचा मोह सगळ्यांना होतो. ७ फेब्रुवारी २०१० ला अमेरिकेत मिडलटाउन, कनेक्टिकट इथल्या क्लीन एनर्जी या बांधून होत आलेल्या केंद्रात नळ साफ करायला नैसर्गिक वायूचाच झोत वापरला गेला. गॅस इमारतींच्या बेचक्यात साठला, ठिणगी मिळाली, सहा जण गेले. केंद्र सुरू होण्याआधीची घटना आहे ती, पण नियम बंद करतानाही तोच लागतो.

दुसरं काम वाफेचं. ते फक्त सहनिर्मितीतच असतं म्हणून बहुतेक कंत्राटदारांना ठाऊक नसतं. तुमचा कोजन मेला आहे, कारखाना जिवंत आहे. दोघांमध्ये वाफेचा हेडर (मुख्य नळ), कंडेन्सेटची (वाफ निवून झालेल्या पाण्याची) परत येणारी लाइन, डीएम म्हणजे क्षार काढलेलं पाणी, उपकरणांसाठीची दाबाची हवा, कधी नायट्रोजनही समाईक असतो. कारखान्याचे बॉयलर चालू असले की वाफ उलटी तुमच्या बाजूला येते, मध्ये फक्त एक गळका नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. कंडेन्सेटची लाइन तर सगळेच विसरतात, कारण ती ‘पाण्याची’. त्या नळात शंभर अंशांच्या वरचं पाणी दाबाखाली असतं आणि कटर लागताच त्याची वाफ होते. या सगळ्या लाइन कारखान्याच्या वार्षिक शटडाउनमध्ये, तुमच्याच लोकांकडून, तोडून ब्लाइंड करून घ्या. भंगारवाल्याची माणसं त्यानंतरच आत.

मग बारीकसारीक, पण जीवघेणं. गरम नळ स्प्रिंगांच्या हँगरवर लटकलेले असतात. त्या स्प्रिंगांत टनावारी जोर भरलेला असतो, नळ कापला की तो सुटतो, म्हणून आधी हँगर पिनने अडकवायचा. उभ्या नळ्यांच्या बॉयलरमध्ये नळ्यांचे गठ्ठे वरच्या गर्डरला टांगलेले असतात, खालून कापत वर जायचं म्हटलं तर सगळं डोक्यावर. ब्रिटनमध्ये डिडकॉटच्या बंद कोळसा केंद्रात २३ फेब्रुवारी २०१६ ला पाडण्याची तयारी चालू असताना बॉयलरची अर्धी इमारत कोसळली आणि चार कामगार गेले. त्यातल्या तिघांचे मृतदेह मिळायला सहा महिन्यांवर गेले. टर्बाइनच्या एक्झॉस्टच्या आवरणातली पांढरी लोकर फुप्फुसांना वाईट. त्याच आवरणाखाली गरम बोल्टांवर किंवा केसिंगवर पिवळट थर दिसला तर हात लावू नका: ग्रीस किंवा इन्सुलेशनमधल्या कॅल्शियमचा आणि पोलादातल्या क्रोमियमचा उष्णतेत संयोग होऊन तो बनतो, आणि त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक प्रकारचं असतं. पाण्याच्या डोसिंगच्या टाकीत हायड्रॅझिन राहिलं असेल तर तेही तसंच. ब्रेकरमधला एसएफ-६ वायू हवेत सोडायचा नसतो, पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त जोरकस आहे. टर्बाइनचं तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली अधिकृत पुनर्वापरवाल्यालाच द्यायचं, पावती सांभाळायची. अग्निशमनाचा पंप आणि त्याची वीज अगदी शेवटी काढायची. तांब्याच्या लोभाने केबल आधी जातात आणि पंप त्यांच्यासोबत मरतो, नंतर कटरची ठिणगी पडली की बादल्या शोधत फिरायचं.

आता देकार घ्यावा का? कागद आधी बघा. गॅस करारातली किमान उचल अजून चालू असेल तर केंद्र विकल्यानेही ती टळणार नाही, ती आधी सोडवा. बॉयलरची नोंद बाष्पके संचालनालयाकडे आहे, ती रीतसर रद्द करावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातून कोजन वगळताना पाण्याची मंजुरी आणि वीज जोडणीचा बे (उपकेंद्रातली तुमची जोडणीची जागा) त्यासोबत जाऊ देऊ नका. जुन्या जागेची बरीचशी किंमत त्या जोडण्यांत असते. टीसाइडच्याच जागेवर सेम्बकॉर्पने १,७०० मेगावॉटच्या नव्या गॅस केंद्राची परवानगी मागितली आणि ती एप्रिल २०१९ मध्ये मिळाली, कारण गॅस, ग्रिड आणि उद्योगाची जमीन तिथं शेजारी-शेजारी होती. ते केंद्र अजून उभं राहिलेलं नाही. टीसाइडच्या परिसरात सध्या काम चाललंय ते रेडकारच्या जुन्या पोलाद कारखान्याच्या जमिनीवर, कार्बन पकडून समुद्राखाली पुरणाऱ्या ७४२ मेगावॉटच्या गॅस केंद्राचं.

टर्बाइन सरसकट वजनावर देऊ नका. गरम भागातली पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात, त्यांचा भाव पोलादाच्या कितीतरी पट असतो, आणि भंगारवाल्याला ते तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. यंत्र किती तास चाललं, किती वेळा सुरू-बंद झालं, शेवटचा बोरोस्कोपी (आत कॅमेरा घालून केलेल्या तपासणीचा) अहवाल, पाती कधी बदलली, हे सगळं एका फाइलीत असेल तर त्याच मॉडेलचं यंत्र चालवणारा कारखाना रोटरसाठी वेगळा पैसा देईल. फाइल नसेल तर तो रोटर निव्वळ लोखंड. तेव्हा गोदामातली लॉगबुकं आजच बाहेर काढा, वाळवीच्या आधी.

आणि विकण्याआधी एकदा वाफेचा हिशोब करा. तुमचा कारखाना अजून दिवसरात्र वाफ ओढत असेल आणि ती सध्या गॅसच्याच बॉयलरवर होत असेल, तर वर दाखवलेली टनामागची बचत दरवर्षी हातातून जात आहे. छोट्या टर्बाइनच्या मागे बहुधा स्टीम टर्बाइन नसते, त्यामुळे तुमचे आकडे वेगळे येतील, पण हिशोबाची रीत तीच: टर्बाइनला बॉयलरपेक्षा जास्तीचा किती गॅस लागतो आणि त्या बदल्यात मिळणारी वीज बाहेरून घेतली तर कितीला पडते. गेल्या तीन वर्षांचे तासातासाचे वाफेचे आकडे घ्या, रात्रीची आणि रविवारची किमान मागणी बघा. ती किमान मागणी टर्बाइनच्या पूर्ण वाफेच्या सत्तर टक्क्यांवर असेल आणि गॅसचा भाव विजेच्या दराशी जुळत असेल, तर भंगारवाल्याला सहा महिने थांबवून एखाद्या बाहेरच्या माणसाकडून फेरचालूचा अंदाज घ्या. मागणी त्याखाली असेल तर द्या विकून, पण टर्बाइन, बॉयलर आणि ट्रान्सफॉर्मर तिन्हींच्या निविदा वेगवेगळ्या काढा.